साडूंची नसलेली रायफल

मराठी मध्यमवर्गीय घरात शस्त्र म्हणून जे काही असतं, ते वर्षातून एकदा खंडेनवमीला पाटावर मांडलेलं दिसतं. विळी, अडकित्ता, भाजीची सुरी, कात्री, पेचकस, सायकलचा पाना आणि जागा उरलीच तर नेलकटर. या शस्त्रागाराला हळदकुंकू वाहून आणि वर झेंडूचं फूल ठेवून आपण शत्रूला जो इशारा देतो, तो शत्रूपर्यंत अजून पोचलेला नाही. पण एवढ्याशा सामग्रीवर ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप नांदल्या, तीच माणसं बंदुकीचा विषय निघाला की असं काही बोलू लागतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी दुधाची पिशवी आणायलासुद्धा काडतुसांचा पट्टा बांधून जातात.

मला या बंदूकप्रेमाविरुद्ध बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं असेल त्यांना बाह्या सरसावायला वेळ मिळेल. बंदुकीचं आकर्षण हे शौर्याचं आकर्षण नव्हे. ते संरक्षणाचंही नव्हे. ते झोपेचं आकर्षण आहे. बंदूक माणसाला सांगते, 'तू झोप, मी आहे.' आणि रानात काय किंवा गावात काय, हे जे कोणी सांगतं त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

हा विषय माझ्या डोक्यात भरवला आमच्या साडूंनी. साडू हे बँकेतून निवृत्त झाले आहेत. आयुष्यात त्यांनी झाडलेली सर्वांत स्फोटक वस्तू म्हणजे हाताखालच्या कारकुनाला दिलेला मेमो. पण रायफलींबद्दल त्यांना जी माहिती आहे, ती एखाद्या पलटणीला पुरून उरेल. त्यातही साध्या बंदुका त्यांना चालत नाहीत. त्यांची निष्ठा एकाच जातीवर आहे. लिव्हर ॲक्शन रायफल!

ज्यांना साडू नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्रजी सिनेमातला घोडेस्वार चापाखालचं लोखंडी कडं खाली ओढून परत वर दाबतो आणि 'खटॅक्‌-खटॅक्‌' असा आवाज होतो, ती ही रायफल. कडं खाली गेलं की झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल बाहेर उडतं, वर आलं की नवं काडतूस नळीत बसतं. तत्त्व म्हणाल तर आपल्या गावातल्या हापशाचं. खाली-वर केलं की पुढचा घोट तयार. १८६० साली अमेरिकेत हेन्री नावाची रायफल निघाली, तिच्या नळीखालच्या नळकांड्यात सोळा काडतुसं एकामागे एक मावत. त्या काळात शिपाई एक गोळी झाडून पुढची ठासेपर्यंत शत्रू येऊन तब्येतीची चौकशी करून जात असे. त्यामुळे ही म्हणजे चैनच होती. पुढे विंचेस्टर कंपनीने १८७३ ची काढली, १८९४ ची काढली. ती १८९४ ची तर सत्तर लाखांवर खपली. इतकी खपूनही २००६ साली न्यू हेवनचा तो कारखाना बंद पडला आणि आता त्या नावाच्या रायफली जपानात तयार होतात. म्हणजे अमेरिकन गुराख्याचा स्वाभिमानसुद्धा हल्ली आयात होऊन येतो.

या रायफलीत एक गंमत आहे आणि ती साडू फार रंगवून सांगतात. काडतुसं नळकांड्यात एकामागे एक, एसटीच्या रांगेसारखी उभी असतात. मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला, नेमकं जिथे ठोका बसला की बार उडतो तिथे टेकलेलं असतं. म्हणून तिच्यात टोकदार गोळी घालत नाहीत, बोथट घालतात. नाहीतर धक्का बसला की रांगेतच भांडण. १८९५ च्या विंचेस्टरमध्ये ही अडचण दूर झाली, कारण तिच्यात काडतुसं चौकोनी पेटीत एकावर एक बसतात, डब्यातल्या पोळ्यांसारखी. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली अध्यक्षपद सोडून आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा याच रायफली घेऊन गेले होते. आपल्याकडे निवृत्त माणूस फार तर चारधामला जातो.

"आणि आपला अँडरसन!" हे म्हणताना साडूंचा आवाज कापरा होतो.

अँडरसन म्हणजे बंगळूरचे केनेथ अँडरसन. १९१० चा जन्म, १९७४ साली गेले. दक्षिणेतल्या जंगलांत त्यांनी नरभक्षक वाघ आणि बिबटे मारले, आणि १९५४ पासून त्यावर पुस्तकं लिहिली. त्यांची आवडती रायफल म्हणजे हीच, चारशे पाच बोअरची १८९५ ची विंचेस्टर. एवढ्या आधारावर लिव्हर ॲक्शन ही मूळची भारतीयच, असं साडूंचं मत आहे. मी विरोध करत नाही. इडली आणि बटाटा यांच्याबाबतीतही आपण असंच केलं.

आता खरं सांगायचं तर वस्तू देखणी आहे. 'स्टेजकोच' हा १९३९ चा सिनेमा. त्यात जॉन वेन वाळवंटात उभा राहून एका हाताने ती रायफल गर्रकन फिरवतो. ते बघून ज्याच्या हाताला मुंग्या आल्या नाहीत, त्याने डॉक्टरांना दाखवावं. 'मेकॅनाज गोल्ड' आमच्या पिढीने किती वेळा पाहिला याचा हिशेब थिएटरवाल्यालाही ठाऊक नसेल. त्या 'खटॅक्‌' मध्ये जरब आहे, आणि सगळं आपल्या हातात आहे असा दिलासाही आहे. बोल्टवाली रायफल कडी काढल्यासारखी वाटते, कोणीतरी संडासातून बाहेर येतंय असं. ही मात्र वाक्य पूर्ण केल्यासारखी वाजते. साडूंनी हा आवाज तोंडाने काढण्याचा इतका सराव केला आहे, की एकदा आमची मेहुणी म्हणाली, "इतका खटका आवडतो तर कुकरचं झाकण तेवढं नीट लावायला शिका. त्यालाही दांडाच आहे."

पण देखणेपणा निराळा आणि उपयोग निराळा. हा फरक मला पुस्तकात नाही, सेमाडोहला कळला.

सेमाडोह हे मेळघाटातलं गाव. परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग, असं सांगतात. नदीलाच झाडाचं नाव, म्हणजे गावाने कोणाकडे बघून दिवस काढले ते समजा. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. आमचं अख्खं कुटुंब डिसेंबरात तिथे गेलं होतं, त्यात साडू होते. थंडी अशी, की दात वाजल्यावर कोणाचे वाजले हे बघावं लागे. सकाळी जंगलात फिरून आलो. वाघ दिसला नाही. वाघाचा पंजा दिसला, वाघाने ओरखडलेलं झाड दिसलं, आणि कालच इथे वाघ बघितलेली माणसं दिसली. मेळघाटात एवढं पुष्कळ.

चहा घेताना साडू म्हणाले, "खरं म्हणजे या लोकांना प्रत्येकाला एकेक विंचेस्टर दिली पाहिजे. शेत राखलं जाईल, घर राखलं जाईल, आणि एखाद्या दिवशी सशाची भाजीही होईल."

हे वाक्य फक्त आमच्या साडूंचं असतं तर मी चहात साखर ढवळत बसलो असतो. पण हे वाक्य मी आगगाडीत ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे. ज्यांच्या खिडकीला गज, दाराला जाळी आणि फाटकावर वॉचमन आहे, असे सगळे सुरक्षित लोक ज्यांच्या दाराला कडी नाही त्यांना बंदूक सुचवत असतात. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

आधी शिकार. सशाच्या भाजीचं पातेलं १९७२ सालीच चुलीवरून उतरलं आहे. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. वाघाची शिकार तर त्याच्याही आधी, १९७० सालीच बंद झाली होती. अभयारण्यात हत्यार घेऊन लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा बंदूक परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना खरोखरच जनावर मारावं लागलं, तर कायदा तो गुन्हा मानत नाही. पण मेलेलं जनावर मात्र सरकारी मालमत्ता. म्हणजे वाघ अंगावर आला तेवढा वेळ तुमचा, पडला की सरकारचा. मिशीचा केससुद्धा घरी नेता येत नाही. मग दिवाणखान्यात टांगायचं काय? पंचनाम्याची प्रत?

बरं, विंचेस्टर आणायची कुठून? सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकातच थांबली. आता अशी रायफल मिळाली तर एखाद्या जुन्या घराण्याच्या माळ्यावरची, आणि तिची काडतुसं मिळाली तर त्या घराण्याच्या आठवणीत. परवाना हवाच. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने दोनच उरल्या. निवडणूक लागली की बऱ्याच जणांची बंदूक पोलीस ठाण्यात जाऊन बसते. म्हणजे गावात वातावरण तापलेलं असतं तेव्हा घरच्या संरक्षणाचं साधन स्वतःच संरक्षणात असतं.

आता शेत. इथे कायद्याने एक विनोद करून ठेवला आहे, जो विनोदी लेखकाला सुचला नसता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पीक राखण्यासाठी त्याला बंदुकीचा परवाना द्यावा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. पण कोणती बंदूक? ठासणीची! आपल्याकडे जिला भरमार म्हणतात ती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालायची, गजाने ठासायचं, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचं, टोपी बसवायची आणि मग बघायचं, डुक्कर अजून आहे का. ही भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी आतून गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, एवढी सवलत पुढे जोडली आहे. शहरातल्या रसिकाच्या स्वप्नात सोळा बारांची रायफल, आणि ज्याच्या तुरीत वीस डुकरं शिरलेली आहेत त्याच्या कायद्यात एक बार. रानडुकरांनी हा कायदा वाचला असता, तर रात्रीची वाट न बघता ती जेवायच्या वेळी आली असती.

साडूंनी हाच विषय गावातल्या एका म्हाताऱ्यापुढे काढला. म्हातारा कोरकू, पण आमच्याशी बोलताना वऱ्हाडी बोलत होता. अंगावर घोंगडी, हातात काठी, आणि डोळे असे लाल की रात्रीची कथा सांगायची गरज नाही. मळ्यावरून जागलीहून परत येत होता. जागल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी आपलं नशीब वाखाणावं. पीक उभं राहिलं की ते कापून घरी येईपर्यंत रोज रात्री शेतात मचाणावर जागत बसायचं. खाली शेकोटी. जवळ रिकामा डबा, गोफण, कुत्रं. दर थोड्या वेळाने डबा बडवायचा, आरोळी द्यायची. शेजारच्या मळ्यातून उत्तराची आरोळी आली की समजायचं, तोही जागा आहे आणि तोही जिवंत आहे.

साडूंनी विचारलं, "बाबा, बंदूक असती तर बरं झालं असतं ना?"

म्हातारा म्हणाला, "बंदूक कायले जी? बंदूक घेतली म्हंजे मानूस झोपते. अन् मानूस झोपला का डुक्कर येते. डुकराले का बंदुकीचा भेव हाय? त्याले जाग्या मानसाचा भेव हाय."

साडूंनी खटका तोंडातच गिळला.

मी तेव्हापासून या वाक्याची दुसरी बाजू शोधतो आहे, सापडलेली नाही. शिकारीच्या ज्या गोष्टी वाचून आपण रायफलीच्या प्रेमात पडलो, त्या पुन्हा नीट वाचून पाहा. जिम कॉर्बेटनी रुद्रप्रयागचा बिबट्या मारला १९२६ साली. त्या बिबट्याच्या नावावर सव्वाशे बळी होते. त्यासाठी कॉर्बेटनी शेवटी काय केलं? रात्रीमागून रात्री एका आंब्याच्या झाडावर बसून राहिले. झाडली ती एक गोळी. सगळी गोष्ट त्या बसण्याची आहे, गोळी हा फक्त पूर्णविराम. आपले अँडरसनही पानोपानी मचाणावर बसलेले आहेत, डास चावताहेत, पाय बधिर झाला आहे, कान अंधारात लागलेले आहेत. ती जागलच आहे. फरक इतकाच, की साहेबाने जागल केली की पुस्तक होतं, आणि कोरकूने केली की डोळे येतात.

मेळघाटचा पुराणकाळचा अनुभवही हाच आहे. चिखलदरा इथून फार दूर नाही. भीमाने कीचकाला मारून तिथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, आणि त्याचंच चिखलदरा झालं, असं तिथले लोक सांगतात. घराच्या संरक्षणाचं याहून जुनं उदाहरण आपल्याकडे नसेल. कीचक म्हणजे राजाचाच मेहुणा, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हाही प्रश्न होताच. तेव्हा भीम रात्री नृत्यशाळेत अंधारात जागत बसला आणि कीचक आल्यावर त्याने नुसत्या हातांनी निकाल लावला. भीमाकडे गदा होती, तीसुद्धा त्याने वापरली नाही. समजा, भीमाजवळ विंचेस्टर असती, तर त्याने ती द्रौपदीच्या उशाशी ठेवली असती, 'लागली तर खटका ओढ' असं सांगितलं असतं आणि स्वतः मुदपाकखान्यात जाऊन घोरत पडला असता. महाभारत विराटपर्वातच संपलं असतं.

आणि उलट उदाहरण हवं असेल तर तेही त्याच डोंगरावर आहे. गाविलगड! केवढी तटबंदी, केवढ्या तोफा. अजूनही तिथे पडलेली एकेक तोफ बघून माणूस दबकतो. हा किल्ला कोणाला घेता येणार नाही, अशी सगळ्यांची, विशेषतः आतल्यांची खात्री होती. २९ नोव्हेंबर १८०३ ला खाली अडगावची लढाई झाली. त्यानंतर आर्थर वेलस्लीच्या फौजेने डोंगरदऱ्यांतून तोफा ओढत किल्ल्याच्या उत्तरेला आणल्या, आणि १५ डिसेंबरला गाविलगड एका दिवसात पडला. तोच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. ज्या घराच्या छपरावर तोफा आहेत त्याचं जर असं होतं, तर आमच्या साडूंचं वन बीएचके एका रायफलीने कसं वाचणार?

वन बीएचकेवर आलोच आहोत, तर शहरातल्या 'घराच्या संरक्षणा'चंही बघून टाकू. घरात नातवंडं आहेत, म्हणजे बंदूक कुलपात ठेवायची. शहाणपण सांगतं, काडतुसं निराळ्या कुलपात ठेवा. आमच्या मेहुणीचं शहाणपण सांगतं, दोन्ही किल्ल्या निराळ्या डब्यांत ठेवा. रात्री दोन वाजता चोर आला. साडूंनी उठायचं. चष्मा शोधायचा. गव्हाच्या डब्यातली किल्ली काढायची, ती तांदळाच्या डब्यात आहे हे आठवायचं. कपाट उघडायचं. ते कुरकुरतं. तोपर्यंत चोराला दोनच गोष्टी करता येतात. एक तर कंटाळून जाणं, किंवा डबे उघडण्यात मदत करणं. शेवटी सगळं जमून 'खटॅक्‌' झालंच, तर पुढे कायदा उभा आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो तुम्हाला बराच पुढे जाऊ देतो, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करू नका असंही बजावतो. अंधारात, चष्म्याविना, थरथरत्या हाताने नेमकी लागेल तेवढीच इजा करायची! साडूंना कॅरममध्ये समोरची सोंगटी जात नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. "म्हणजे काय, माणसाने मार खायचा?" अजिबात नाही. सेमाडोहच्या म्हाताऱ्याने मार खाल्लेला नाही. त्याने ज्वारी घरी आणली आहे. पण ती कशाच्या जोरावर आणली, हे बघा. जागा माणूस, भुंकणारं कुत्रं, आणि शेजारच्या मळ्यातून येणारी आरोळी. बंदुकीला तिन्हींची गरज वाटत नाही, हीच तर तिची मोहिनी. बंदूक असली की शेजारी लागत नाही. आपण वाड्यातून चाळीत, चाळीतून फ्लॅटमध्ये आलो आणि एकेक शेजारी गाळत आलो. शेवटच्या शेजाऱ्याची जागा भरायला आता रायफल हवी आहे. आमच्या चाळीत रात्री पातेलं पडलं तरी चार दारं उघडत. त्यातल्या दोन दारांशी आमचं भांडण असे, तरी उघडत.

इथपर्यंत मी बंदूकवाल्यांशी भांडलो. आता दुसऱ्या बाजूशीही थोडं भांडतो, नाहीतर ती बाजू फार लवकर टाळ्या वाजवील. या बाजूला वाघाचे प्रेमी बसलेले आहेत, आणि मीही त्यांच्यातच बसतो. गळ्यात दुर्बीण, अंगात खाकी शर्ट. म्हाताऱ्याचं वाक्य ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. किती शहाणा माणूस! बंदूक नको म्हणाला! वाघ वाचला, जंगल वाचलं, चला आता नाश्त्याला. पण तो माणूस बंदूक नको म्हणाला याचा अर्थ त्याला झोप नको आहे असा होत नाही. थंडीचे दोन-तीन महिने रोज रात्री माणूस जागतो. दिवसा पुन्हा त्याच शेतात राबतो. ही रात्रपाळी कोणाची? आमची. आम्हाला वाघ हवा, वाघाला जंगल हवं, जंगलात डुकरं होणार, डुकरांना तूर आणि मका आवडणार. या साखळीच्या टोकाला डबा बडवत तो एकटा बसलेला आहे. गिरणीतल्या रात्रपाळीला पगार होता. या रात्रपाळीला पंचनामा आहे. तोही पीक गेल्यावर, अर्ज, सातबारा आणि फोटो जोडल्यावर. पीक गेलं नाही, कारण माणूस जागला, तर त्याबद्दल कोणत्याही फॉर्मवर रकाना नाही.

आणि जागून जागून माणूस थकला की काय करतो? तिथे गोष्ट विनोदाची राहत नाही. तो तारेत जिवंत वीज सोडतो. तीसुद्धा बंदुकीचीच बहीण. तीही म्हणते, 'तू झोप, मी आहे.' डुकरासाठी सोडलेल्या त्या विजेने विदर्भात वाघ मेलेले आहेत, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही मेलेली आहेत. तारेला डुक्कर, वाघ आणि शेजारी यांतला फरक कळत नाही. जागलीला बसलेल्या माणसाला कळतो. म्हणूनच त्याचं मोल रायफलीपेक्षा जास्त, आणि म्हणूनच त्याला थकू देणं आपल्याला परवडणारं नाही.

तेव्हा 'प्रत्येकाला एकेक विंचेस्टर द्या' या सूचनेत मी एक दुरुस्ती मांडतो. प्रत्येकाला त्याच्या जागलीचा रोज द्या. गावाने पाळ्या लावाव्यात, सरकारने त्या हजेरीपटावर घ्याव्यात. रस्त्याची माती उचलली तर रोज मिळतो, मग देशाचा वाघ राखला तर का मिळू नये? जिथे जमेल तिथे झटका देणारं पण जीव न घेणारं सौर कुंपण घालून द्यावं. झालेल्या नुकसानीचा पैसा पुढच्या पेरणीच्या आत हातात पडावा, नातवाच्या मुंजीत नव्हे. हे सगळं महाग पडेल, असं कोणी म्हणेल. पडेल ना. पण आजही ते महागच पडतं आहे, फक्त बिल चुकीच्या माणसाकडे जातं आहे.

साडूंना हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे हो. पण तो आवाज! तो आवाज विसरता येत नाही." त्यावर वाद नाही. आवाज सुंदरच आहे. सिनेमात असावा, पुस्तकात असावा, साडूंच्या तोंडात असावा. ज्या कोणाला ती रायफल खरोखरच घरात हवी असेल, त्याने जरूर अर्ज करावा. माझी फक्त एक अट आहे. अर्जाला पासपोर्ट फोटो जोडतात तसा एक दाखलाही जोडावा, की अर्जदाराने डिसेंबरातली एक अख्खी रात्र मेळघाटात मळ्यावर डबा बडवत काढली आहे आणि शेजारच्या मळ्यातल्या प्रत्येक आरोळीला उत्तर दिलं आहे. खाली त्या शेजाऱ्याचा अंगठा हवा.

हा दाखला आणणाऱ्याला सरकारने खुशाल परवाना द्यावा. तो बंदूक घेणार नाही. घोंगडी घेईल.